जोखीम नेमकी कोणाची?

पुरस्कर्ता : जैववैद्यकीय संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या व्यवस्थांमध्ये एक विसंगती मुळापासूनच आहे. ज्या प्रयोगाचे उत्तर आधीच ठाऊक आहे तो करण्यात फारसे हशील नसते, आणि तरीही अनुदानाच्या अर्जात मागितली जाते ती उत्तर मिळेलच याची हमी. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्था, जिला सर्वत्र एनआयएच म्हणतात, ही या क्षेत्रातील जगातली सर्वांत मोठी सार्वजनिक अनुदानदाती. तिचे नेहमीचे अनुदान ‘आर-०१’ या नावाने ओळखले जाते आणि ते एखाद्या संशोधकाच्या एका प्रकल्पाला साधारणपणे चार-पाच वर्षांसाठी मिळते. अर्जाचे परीक्षण त्याच विषयातील शास्त्रज्ञांचा गट करतो, नेमून दिलेले परीक्षक १ ते ९ या पट्टीवर गुण देतात, त्यात १ हा सर्वोत्तम, आणि साधारणपणे खालच्या निम्म्या अर्जांवर बैठकीत चर्चाही होत नाही. या चाळणीतून वर यायचे तर ‘प्राथमिक निष्कर्ष’ हाताशी हवेत, म्हणजे प्रस्तावित काम होऊ शकते हे दाखवणारे, अर्जापूर्वीच केलेल्या प्रयोगांचे पुरावे. ते जमवायचे तर प्रयोगशाळा हवी आणि प्रयोगशाळा चालवायची तर अनुदान हवे. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातलाच हा प्रकार. याचा परिणाम वयात दिसतो. १९८० च्या सुमारास पहिले आर-०१ मिळणाऱ्या पीएच.डी.धारकाचे सरासरी वय ३६ च्या आसपास होते, ते आता ४२ च्या पुढे गेले आहे. म्हणून एनआयएचने २००७ मध्ये ‘न्यू इनोव्हेटर’ हा वेगळा पुरस्कार सुरू केला. पीएच.डी. किंवा निवासी वैद्यकीय प्रशिक्षण संपल्यापासून १० वर्षांच्या आतील संशोधकाला पाच वर्षांत १५ लाख डॉलरपर्यंत रक्कम त्यातून मिळते आणि प्राथमिक निष्कर्षांची अट नसते. कल्पना धाडसी असावी, एवढीच अपेक्षा. अशा अनुदानांचा वाटा वाढायला हवा, हे इतके उघड आहे की त्यावर वाद व्हावा याचेच नवल वाटते.

संशयवादी : वाद अनुदानाच्या हेतूवर नाही, त्याच्या यंत्रणेवर आहे. ‘धाडस’ हा निवडीचा निकष झाला की प्रत्येक अर्ज धाडसी होतो, कारण भाषा बदलायला प्रयोगशाळा लागत नाही. अर्ध्याहून अधिक पार पडलेले काम ‘क्षेत्राचा पायाच बदलणारे’ म्हणून मांडायचे आणि मिळालेल्या पैशातून त्याच्या पुढचे काम उरकायचे, ही युक्ती अनुदानांच्या जगात कोणालाही नवी नाही. याहून गंभीर बाब दुसरी आहे. प्राथमिक निष्कर्ष वगळले तर परीक्षकाने कशाच्या आधारे ठरवायचे? कागदावर उरते ते अर्जदाराचे नाव, त्याच्या गाइडचे नाव, संस्थेचे नाव आणि कोणत्या नियतकालिकात काय छापून आले त्याची यादी. निष्कर्षांची अट ही जाचक असली तरी एका अर्थाने समतावादी आहे, कारण आकडा कोणत्या विद्यापीठातून आला हे त्या आकड्यावर लिहिलेले नसते. याच संस्थेने २००४ मध्ये धाडसी संशोधनासाठी ‘पायोनियर’ पुरस्कार पहिल्यांदा दिले, तेव्हा निवडलेले नऊही जण पुरुष होते. पुढे पद्धतीत सुधारणा झाल्या हे खरे, पण पुरावा बाजूला ठेवून ‘माणूस ओळखा’ असे सांगितले की ओळखीचाच माणूस निवडला जातो, हे त्या पहिल्याच वर्षी दिसले होते.

पुरस्कर्ता : निष्कर्षांची अट समतावादी आहे हे मान्य करता येणार नाही, कारण निष्कर्ष जमवायला लागणारा पैसा आणि उसंत मुळातच श्रीमंत संस्थांकडे असते. शिवाय पुराव्यावर भिस्त ठेवणाऱ्या परीक्षकांनी काय केले याचाही इतिहास आहे. मारिओ कापेक्की यांनी १९८० मध्ये एनआयएचकडे तीन प्रकल्पांचा एक अर्ज केला. त्यातील तिसरा प्रकल्प असा होता की सस्तन प्राण्याच्या पेशीत बाहेरून डीएनए सोडायचा, आणि पेशीतील अब्जावधी अक्षरांच्या मजकुरातून त्याने आपल्याशी जुळणारा नेमका तुकडा शोधून त्याची जागा घ्यायची. बाहेरून आलेला डीएनए गुणसूत्रात कोठेही घुसून बसतो, हा तोवरचा अनुभव असल्याने परीक्षकांना हे घडणे जवळजवळ अशक्य वाटले. पहिले दोन प्रकल्प त्यांनी उचलून धरले आणि तिसरा सोडून द्यावा असे सुचवले. कापेक्कींनी मंजूर झालेला जवळजवळ सगळा पैसा त्या तिसऱ्यावरच लावला. चार वर्षांनी नूतनीकरणाच्या वेळी परीक्षकांनी आपला सल्ला न मानल्याबद्दल समाधानच व्यक्त केले, आणि उंदरातील हवे ते जनुक निकामी करून त्याचे कार्य तपासण्याच्या तंत्रासाठी २००७ चे नोबेल पारितोषिक त्यांना मार्टिन इव्हान्स आणि ऑलिव्हर स्मिथीज यांच्यासह मिळाले. कॅटालिन कारिको यांची हकिकत तर अलीकडची आणि सर्वांच्या तोंडी असलेली. अनुदान न मिळाल्यामुळे १९९५ मध्ये विद्यापीठात त्यांची पदावनती झाली. कृत्रिम आरएनए पेशीत शिरताच पेशी त्याला विषाणू समजून दाह निर्माण करते, आणि त्यातील युरिडिन या घटकाऐवजी त्याचे किंचित बदललेले रूप वापरले तर हा गैरसमज टळतो, हे त्यांनी ड्रू वाइसमन यांच्यासह २००५ मध्ये दाखवले. त्यावर उभ्या राहिलेल्या लसी २०२० नंतर सर्वांच्याच परिचयाच्या झाल्या.

संशयवादी : ही दोन उदाहरणे आपल्या बाजूची समजली जातात, परंतु त्यांच्या तारखा पाहाव्यात. कापेक्कींची पीएच.डी. १९६७ ची, म्हणजे तो अर्ज केला तेव्हा तिला १३ वर्षे झाली होती. कारिको यांची पीएच.डी. १९८२ ची आणि निर्णायक शोध २००५ चा, मध्ये २३ वर्षे. ‘न्यू इनोव्हेटर’ची १० वर्षांची मर्यादा तेव्हा लागू असती तर दोघेही दाराबाहेरच राहिले असते. नवोदितांच्या नावाने ज्यांची छायाचित्रे मिरवली जातात ते स्वतः नवोदित नव्हतेच. दुसरे असे की कापेक्कींना वाचवले ते जोखमीच्या अनुदानाने नव्हे, तर दोन सुरक्षित प्रकल्पांच्या आडोशाने. तिसरा फसला असता तर दाखवायला पहिल्या दोहोंतले थोडेफार हाताशी होते. आणि तिसरे, ज्यांनी असाच हट्ट धरला आणि जे कोठेच पोहोचले नाहीत, त्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही. हट्टी माणसांपैकी किती जण बरोबर ठरतात हे ठाऊक नसताना केवळ जिंकलेल्यांकडे बोट दाखवून धोरण आखणे, हे शास्त्रज्ञांनी तरी करू नये.

पुरस्कर्ता : तारखांचा मुद्दा बिनतोड आहे. त्यातून निघते ते इतकेच की १० वर्षांची रेषा चुकीच्या जागी ओढली गेली असावी. जोखमीचे अनुदान निरुपयोगी आहे असे त्यातून निघत नाही. व्यक्तींची उदाहरणे पुरेशी वाटत नसतील तर मोजदादीकडे वळावे. पिएर अझुले, जोशुआ ग्राफ झिव्हिन आणि गुस्तावो मान्सो या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये एक तुलना प्रसिद्ध केली. एका बाजूला हॉवर्ड ह्यूज मेडिकल इन्स्टिट्यूट या खासगी धर्मादाय संस्थेने निवडलेले संशोधक, ज्यांना ठरावीक प्रकल्पासाठी नव्हे तर व्यक्ती म्हणून दीर्घ मुदतीचा निधी मिळतो. दुसऱ्या बाजूला तितक्याच तोडीचे, कारकिर्दीच्या आरंभी नामांकित पुरस्कार मिळवलेले, पण एनआयएचच्या नेहमीच्या चाकोरीतून चालणारे संशोधक. पहिल्या गटाने अतिशय प्रभावी ठरलेले शोधनिबंध कितीतरी अधिक प्रमाणात दिले. त्याच गटाचे सपशेल पडलेले निबंधही अधिक होते, आणि खरे तर हीच गोष्ट विश्वास वाढवणारी आहे, कारण नुसतीच हुशार माणसे निवडली गेली असती तर यश वाढले असते पण अपयश वाढले नसते. दोन्ही टोके वाढली याचा अर्थ माणसे खरोखरच निराळ्या वाटेने गेली.

संशयवादी : त्या अभ्यासातील ज्या तपशिलावरून लोक झरकन पुढे जातात तेथे थोडे थांबावे. हॉवर्ड ह्यूजचा पहिला आढावा बराच सौम्य असतो, आणि एखाद्याचे नूतनीकरण नाकारले गेले तरी त्याला पुढे दोन वर्षे निधी मिळत राहतो, जेणेकरून प्रयोगशाळेतील माणसांची सोय लावता यावी आणि दुसरीकडे अर्ज करता यावा. अर्थात त्या प्रयोगात धाडस एकटे नव्हते, पडल्यावर सावरायची तजवीजही त्याच्या जोडीला होती. आता ‘न्यू इनोव्हेटर’कडे किंवा त्याच्या जगभरातील भावंडांकडे पाहावे. पाच वर्षांनी रक्कम संपते, आणि नेमकी त्याच सुमारास संशोधकाच्या कायमपदाची छाननी होते, जिला अमेरिकेत टेन्युअर म्हणतात. कल्पना फसली असेल तर निबंध नाहीत, निबंध नाहीत म्हणून आर-०१ नाही, आणि दोन्ही नाहीत म्हणून कायमपदही नाही. अनुदान देणारी संस्था म्हणते की जोखीम आम्ही पत्करली. शेकडो अनुदाने देणाऱ्या संस्थेच्या दृष्टीने एखादे फसणे ही तिच्या एकूण हिशेबातील अपेक्षित वजावट असते. संशोधकाला मात्र आयुष्य एकच असते. त्याने आपली छत्तिशी-चाळिशी एकाच पणावर लावलेली असते, आणि त्याच्या हाताखाली पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्याने तर काही पणाला लावण्याचे ठरवलेही नव्हते.

या टप्प्यावर वादाचा रोख बदलला हे नोंदवायला हवे. तोवर प्रश्न होता तो धाडसी कल्पना ओळखता येतात का, असा. आता तो फसलेल्या कल्पनेचे देणे कोणाच्या नावावर पडते, असा झाला. अनुदानांवरील बहुतेक चर्चा पहिल्या प्रश्नापाशीच घुटमळत राहते, कारण निवड करणारे चर्चेला हजर असतात आणि फसलेले हजर नसतात.

पुरस्कर्ता : देण्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे, तरी त्याला एक अनपेक्षित बाजू आहे. यांग वांग, बेंजामिन जोन्स आणि दाशुन वांग यांनी १९९० ते २००५ या काळातील आर-०१ च्या नवोदित अर्जदारांपैकी जे थोडक्यात निवडले गेले आणि जे थोडक्यात हुकले, त्यांच्या पुढील वाटचालीचा मागोवा २०१९ मध्ये घेतला. हुकलेल्यांपैकी जे टिकून राहिले त्यांनी पुढील दहा वर्षांत निवडलेल्यांपेक्षा सरस काम केले. म्हणजे तरुण संशोधक आपण समजता तितका नाजूक नसतो, आणि आरंभीचा फटका प्रत्येक वेळी मोडूनच टाकतो असे नाही.

संशयवादी : ‘जे टिकून राहिले’ या तीन शब्दांत सगळी गोम आहे. त्याच अभ्यासात असेही दिसले की हुकलेल्यांपैकी एनआयएचच्या व्यवस्थेतून कायमचे बाहेर पडणाऱ्यांचे प्रमाण लक्षणीयरीत्या वाढले, दहा टक्क्यांहून अधिक. जे गेले त्यांच्या हातून काय झाले असते हे कोणत्याच कोष्टकात येत नाही. घरी पाठबळ असलेला, पती किंवा पत्नी कमावती असलेला, व्हिसाची टांगती तलवार नसलेला संशोधक टिकतो. असे टिकणे हा बुद्धीचा गुण मानला गेला तर जोखीम घेण्याचा हक्क ज्यांना ती परवडते त्यांच्याकडेच राहील.

पुरस्कर्ता : मग निवडीचा अहंकार सोडून देणे हाच उपाय उरतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४३ परीक्षकांना एनआयएचचे २५ अर्ज तपासायला दिले, तेव्हा एकाच अर्जाबद्दल त्यांच्यात एकवाक्यता जवळजवळ नव्हतीच. १९८० ते २००८ मधील एक लाखाहून अधिक अनुदानांचा अभ्यास करून डॅनिएल ली आणि लीला आगा यांनी २०१५ मध्ये असा निष्कर्ष काढला की परीक्षकांचे गुण आणि पुढचे यश यांचा संबंध आहे. पण त्याच आकड्यांची फेरतपासणी फेरिक फँग, अँथनी बोवेन आणि आर्तुरो कासादेव्हाल यांनी केली तेव्हा वरच्या वीस टक्क्यांत हा संबंध फार क्षीण असल्याचे दिसले. थोडक्यात, टाकाऊ अर्ज ओळखता येतो, उत्तमांतून सर्वोत्तम ओळखता येत नाही. न्यूझीलंडच्या हेल्थ रिसर्च कौन्सिलने हे प्रांजळपणे मान्य केले आणि २०१३ पासून आपल्या ‘एक्सप्लोरर’ अनुदानांसाठी अर्जदाराचे नाव झाकून केवळ पात्रता तपासायची, आणि पात्र ठरलेल्यांतून चिठ्ठ्या टाकून निवड करायची, अशी पद्धत सुरू केली. चिठ्ठी गाइडचे नाव विचारत नाही. आपला पहिला आक्षेप तेथे मिटतो.

संशयवादी : निवडीपुरता तो मिटतो, आणि चिठ्ठीला आक्षेप घेण्याचे कारणही नाही. मात्र चिठ्ठी पैसा कोणाला हे ठरवते, पडल्यावर काय हे ठरवत नाही. हा फरक भारतात सर्वांत स्पष्ट दिसतो. कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये पटकीच्या जंतूंचे विष शोधले. त्यांची पद्धत अशी होती की भूल दिलेल्या सशाच्या लहान आतड्याचा तुकडा दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधून त्याची वळी करायची, तीत जंतू वाढवलेले पण गाळून जंतुविरहित केलेले द्रावण सुईने सोडायचे आणि दुसऱ्या दिवशी ती वळी पाण्याने टम्म फुगली आहे का ते पाहायचे. ती फुगली, म्हणजे शरीरातील पाणी ओढून काढणारे काहीतरी जंतूने बाहेर टाकलेले होते. शोध अत्यंत अल्प खर्चात लागला. पुढची पायरी, म्हणजे ते विष शुद्ध स्वरूपात वेगळे काढणे, यासाठी लागणारी यंत्रे आणि साहाय्य त्यांच्यापाशी नव्हते, आणि ते काम दहा वर्षांनी अमेरिकेत रिचर्ड फिंकेलस्टाइन आणि जोसेफ लोस्पालुटो यांनी केले. डे यांना धाडस करण्यापासून कोणी अडवले नव्हते. कमतरता होती ती धाडसानंतरच्या पैशाची.

पुरस्कर्ता : तरी भारतातच उलट उदाहरणही आहे. होमी भाभा यांची भूमिका अशी होती की आधी विभाग काढून मग माणसे भरण्याऐवजी योग्य माणूस हेरावा आणि त्याच्याभोवती विभाग वाढू द्यावा. १९६२ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, जी मुख्यतः भौतिकशास्त्र आणि गणिताची म्हणून ओळखली जात होती, तिशीतल्या ओबेद सिद्दिकी यांच्यावर रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभारण्याची जबाबदारी सोपवली गेली. पुढे सिद्दिकींनी जंतूंचे अनुवंशशास्त्र सोडून फळमाशीच्या मज्जासंस्थेकडे मोर्चा वळवला, आणि विषय बदलल्याबद्दल त्यांना कोणाकडे नवा अर्ज करावा लागला नाही.

संशयवादी : कारण त्यांच्या पाठीशी संस्था होती, अनुदान नव्हे. भाभांची पद्धत एका दूरदर्शी माणसाच्या मर्जीवर चालते आणि अशी माणसे कायद्याने निर्माण करता येत नाहीत. आजचा तिशीतला संशोधक पुण्याच्या आयसरमध्ये किंवा राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात रुजू होतो तेव्हा त्याच्यासमोर वेगळेच चित्र असते. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचे नवोदितांसाठीचे अनुदान तीन वर्षांसाठी ६० लाखांपर्यंत आहे, जे पूर्वीच्या मानाने निश्चितच भरघोस आहे. पण देशाचा संशोधनावरील एकूण खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के असताना दुसरे अनुदान मिळेलच याची शाश्वती त्याला कोण देणार? पुढचा हप्ता उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय सुटत नाही, आणि ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायचा म्हणून फेब्रुवारीत ज्याची गरज नाही ते रसायन मागवले जाते, तर गरज असलेली प्रतिपिंडाची कुपी परदेशातून शुष्क बर्फात येऊन विमानतळावरील सीमाशुल्काच्या कागदपत्रांसाठी थांबून राहते. याच प्रकल्पावर दरमहा ३७ हजार रुपये पाठ्यवृत्ती घेणारा जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन छात्र, काम करत असतो. तीन वर्षांनी प्रकल्प संपला आणि कल्पना चुकीची निघाली, तर त्याच्या प्रबंधात लिहायला काय उरते? येथे सावध राहून अमेरिकेतल्याच एखाद्या प्रश्नाची सुधारित आवृत्ती करणे हा भित्रेपणा नसून जबाबदार गाइडचे कर्तव्य आहे, असेही म्हणता येईल.

पुरस्कर्ता : तर मग हॉवर्ड ह्यूजची तजवीज येथेही करावी. मुदत संपल्यावर दोन वर्षांचा उतरता निधी, ज्यातून छात्राचा प्रबंध पूर्ण होईल आणि संशोधकाला दुसरा प्रश्न हाती घेता येईल. जोखमीच्या अनुदानाच्या रकमेतच ही सोय अंतर्भूत असावी.

संशयवादी : सूचना योग्य आहे, फक्त तिचा हिशेब मांडावा. समजा एखाद्या योजनेत ६० कोटी रुपये आहेत आणि प्रत्येकी ६० लाख द्यायचे आहेत, तर १०० जणांना अनुदान मिळते. प्रत्येकासाठी वर २० लाखांची सोय राखून ठेवायची म्हटले की संख्या ७५ वर येते. त्या २५ जणांना दारातूनच परत पाठवण्याची आपली तयारी आहे का?

पुरस्कर्ता : नाही, आणि त्याचे कारण मघाशी मांडलेल्या आकड्यांतच आहे. पात्र ठरलेल्यांतून सर्वोत्तम कोण हे ओळखता येत नसेल तर जास्तीत जास्त जणांना संधी देणे हाच तर्कशुद्ध मार्ग ठरतो. त्या २५ मध्ये एखादे शंभुनाथ डे नसतील हे कोणी सांगावे? राखीव रक्कम सरसकट न ठेवता ज्यांचा प्रयोग प्रामाणिकपणे करूनही फसला त्यांच्यापुरती ठेवली, तर कदाचित ९० जणांपर्यंत जाता येईल.

संशयवादी : पण प्रामाणिकपणे फसलेला कोण आणि निष्काळजीपणे फसलेला कोण हे ठरवायला पुन्हा परीक्षकच बसवावे लागतील, ज्यांचे एकाच अर्जावर एकमत होत नाही असे आपणच दाखवून दिले. अर्ज वाचण्यापेक्षा अपयश वाचणे अवघड असते, कारण यशस्वी प्रयोगाची वही सगळे उघडतात आणि फसलेल्याची वही कोणी मागतच नाही.

पुरस्कर्ता : ती मागायला सुरुवात करावी लागेल. फसलेल्या प्रयोगाच्या नोंदी, कोणता पर्याय केव्हा वापरून पाहिला आणि तो का सोडला, हे अनुदानाच्या अखेरच्या अहवालाचा अनिवार्य भाग करता येईल.

संशयवादी : तसा नियम केला की त्या नोंदीही अर्जासारख्याच सुबक लिहिल्या जाऊ लागतील, आणि ती सुबक भाषा ज्याला येत नाही त्याचे अपयश पुन्हा अप्रामाणिक ठरेल. सरसकट सोय ठेवून २५ जण गमवावेत, की निवडक सोय ठेवून निवाड्याची चूक पत्करावी, यांपैकी पहिला मार्ग कमी अन्यायाचा वाटतो. फक्त तो स्वीकारताना परत पाठवलेल्या २५ जणांना कारण म्हणून काय कळवायचे, याचा मसुदा अजून कोणाला सुचलेला नाही.